ओल, बुरा आणि पश्चिमेची भिंत

मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात रत्नागिरीत तीन माणसे फोन उचलत नाहीत: कौले परतणारा, पत्रे आवळणारा आणि गटार उपसणारा. मार्चमध्ये तिघेही रिकामे असतात. पण मार्चमध्ये आपल्याला आंबा दिसत असतो, पाऊस दिसत नसतो. वळवाची पहिली सर आली की सगळा गाव एकाच दिवशी त्यांच्या मागे लागतो आणि मिळेल त्याच्याकडून मिळेल तसे काम उरकून घेतो. घरातली निम्मी ओल या घाईतून येते असे माझे मत आहे. उरलेली निम्मी भलत्या जागी केलेल्या खर्चातून.

०

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि आषाढात असा दिवस काही नवलाचा नाही, तर छपरावरून ९,३०० लिटर पाणी उतरते. जवळजवळ एक टँकर. ते उतरते कुठे, एवढेच बघायचे. जुन्या घराची वळचण भिंतीच्या चांगली दोन-अडीच हात पुढे असे. पागोळ्या जोत्यापासून लांब पडत आणि जिथे पडत तिथे दगड बसवलेले असत. नव्या बंगल्याला सज्जा दीड फुटाचा, आणि स्लॅबवरचे पाणी पाइपातून थेट भिंतीच्या पायाशी सोडलेले. पाइपाच्या टोकाला एक एल्बो आणि चार-पाच फुटांचा तुकडा लावला की ते पाणी गटारात जाते. हा शे-दोनशेचा खर्च टाळून लोक आतल्या भिंतीला ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे डबेच्या डबे पाजतात.

०

जांभा पाणी पितो हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की चिरा कापून काढता येतो, आणि उघड्यावर ठेवला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर मलबारात फिरत होता. त्याने अंगडिपुरमला हेच पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटेराइट म्हटले. आपले चिरेखाणवाले हे त्याच्या कितीतरी आधीपासून जाणून होते. चिऱ्याला अंगभर भोके आणि नळ्या. भिंतीची बाहेरची बाजू आषाढात चिंब होते, आश्विनात सुकते. जुन्या भिंतींना बाहेरून गिलावाच नसे, आणि असला तर चुन्याचा. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. चुन्याचा गिलावा वाफ अडवत नाही. भिंत जशी भिजे तशी सुकेही.

आता आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक इमल्शन. पाणी बाहेरून यायचे थांबत नाही, आतून उडून जायची वाट मात्र बंद होते. मग ते रंगाच्या मागे साठते, फुगा धरतो, फुगा फुटतो, पोपडा खाली पडतो. आपण म्हणतो, रंग खराब निघाला. रंग चांगलाच होता, त्याने पाणी अडवून दाखवले.

एका गवंड्याला अशी भिंत दाखवली. त्याने पोपड्याच्या कडेला नखाने ओरखडा काढला, बोटावर आलेली पांढरी भुकटी चोळून बघितली, मग घराबाहेर जाऊन पश्चिमेच्या बाजूने मान वर करून बराच वेळ उभा राहिला. परत येऊन म्हणाला, “रंगाचं मागनं बोलू. पाणी कुठनं शिरतंय ते आधी बघूया.” शिरत होते ते वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या चौकटीखालून. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार द्यायचा राहिला होता.

०

पश्चिमेची भिंत हा कोकणातल्या घराचा खरा शत्रुपक्ष. पाऊस वरून पडतो हे देशावरच्यांचे मत. आमच्याकडे तो आडवा येतो. पूर्वी या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधत. आता निळी ताडपत्री किंवा हिरवी शेडनेट बांधतात, आणि मुंबईहून आलेला आर्किटेक्ट तिच्याकडे बघून तोंड वाकडे करतो. करू दे. पाणी भिंतीला लागूच न देणे यापेक्षा शहाणा उपाय अजून निघालेला नाही. ताडपत्री भिंतीला चिकटून मात्र बांधू नये. मधे वीतभर जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो आणि मागच्या मागे बुरा धरत नाही.

स्लॅबवर पत्रे हा त्याच शहाणपणाचा दुसरा अध्याय. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कौले उतरवून लोकांनी हौसेने स्लॅब टाकले. स्लॅब गळले. डांबर झाले, रसायने झाली, चायना चिप्स झाल्या. शेवटी प्रत्येक स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि त्यावर उतरते पत्रे. कुठल्याही उंच जागेवरून गावाकडे बघितले तर उतरत्या छपरांचा गाव पुन्हा दिसतो, फक्त लालऐवजी निळा. पत्र्यामुळे वाळवणाला जागा मिळते आणि वरच्या खोल्या उन्हाळ्यात थोड्या गार राहतात, हा वरकड नफा.

०

शेणाने सारवलेली जमीन काढून लादी बसवली आणि दोन पावसाळ्यांत भिंतीला गुडघाभर ओल चढली, ही तक्रार वाडीवाडीत ऐकू येते. पूर्वी जमिनीतली ओल खोलीभर पसरून उडून जायची. पाय गार लागत, सारवण लवकर सुकत नसे, इतकेच. लादी आणि तिच्याखालचे काँक्रीट यांनी मधली वाट बुजवली, तेव्हा ओल कडेला सरकली आणि भिंतीतून वर निघाली. अशी खालून चढणारी ओल साधारण कमरेपर्यंत जाते. डोक्याच्या उंचीवर डाग दिसला तर जोत्याला दोष देऊ नये. छप्पर, खिडकी किंवा भिंतीत गाडलेला नळ बघावा.

नवे घर असेल तर जोत्याच्या डोक्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा, थर घालतातच, निदान घालायला हवा. जुन्या घरात त्यासाठी भिंती पोखरण्याआधी अंगणाकडे बघा. दरवर्षी पावसाळ्यानंतर अंगण करताना आपण नवी माती घालतो, चोपतो. पन्नास वर्षे हे चालले की तीन फुटांचे जोते दीड फुटांचे होते आणि अंगणातली ओली माती थेट भिंतीला टेकते. ती माती उतरवणे हे दोन गड्यांचे दोन दिवसांचे काम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीचा माणूस घरी येऊन लॅपटॉप उघडत नाही.

०

जूनमधली पहिली दमट दुपार. लादी ओली. घरातले म्हणतात, खालून पाणी फुटले.

फुटतेही, नाही असे नाही. सड्यावर मुरलेले पाणी जांभ्यातून खाली येते आणि उताराच्या पायथ्याशी उमाळे फुटतात. काही घरांत ते माजघरात फुटतात. पण दर वेळी तसे नसते. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा लादीवर ठेवावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवस तो तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या खाली पाणी जमले तर ते जमिनीतून आले. वर जमले तर हवेतून.

हवेतून म्हणजे असे: तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २५ अंश किंवा त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. लादी २४ अंशांवर असली की संपले. १२ बाय १०च्या, दहा फूट उंचीच्या खोलीतल्या त्या हवेत पाऊण लिटरहून जास्त पाणी तरंगत असते. डोळ्याला दिसत नाही म्हणून आपण ‘हवा यायला’ खिडकी उघडतो, आणि बाहेरची गरम, ओली हवा गार खोलीत येऊन तिचे पाणी लादीवर ठेवून जाते. तळमजल्याची, उत्तरेची, डोंगराला टेकलेली खोली अशा दिवसांत बंद ठेवलेली बरी. खिडकी उघडायची ती उघाडीत, अकरा ते तीनच्या मधे, ऊन पडले असताना. चोवीस तास खिडक्या सताड उघड्या ठेवणे हा उन्हाळ्याचा नियम आहे. तो पावसाळ्यात लावला की घर कुबट होते आणि आपल्याला कळत नाही की एवढी हवा खेळती ठेवूनही असे का.

०

मिठाची बरणी हे घरातले सर्वांत जुने आर्द्रतामापक. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून सुटायला लागते, खाली आली की थांबते. बुरशीला भिंतीजवळची हवा साधारण ८० टक्के ओली लागते. म्हणजे मीठ सादळले की भिंतीची पाळी जवळ आली असे धरावे. हल्ली तीन-चारशे रुपयांत आकडे दाखवणारे मापक मिळते, आणि ते खरे बोलते का हेही मीठच सांगते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून घट्ट लगदा करा, ते झाकण आणि मापक घट्ट बसणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवे. ८० दिसले तर ते पाच जास्त सांगते, तेवढे वजा करून वाचायचे. फेकून द्यायची गरज नाही.

०

गोठ्याची खोली केलेली असेल तर ती सुकत नाही. गुरे जाऊन वीस वर्षे झाली, खाली लादी, वर पंखा, कोपऱ्यात मुलांचे अभ्यासाचे टेबल. तरी पावसाळा आला की पायाकडची भिंत ओली. बाहेरून गळती नाही, नळ नाही. कारण भिंतीत मुरलेले गोमूत्र. त्याचे क्षार चिऱ्यात बसलेले असतात, हवा दमट झाली की ते पाणी ओढतात, कोरडी झाली की पांढरा लोणा होऊन बाहेर येतात. समुद्राची वाळू वापरून केलेल्या गिलाव्याचेही तेच. तिथे कितीही रंग लावा. गिलावा कमरेपर्यंत खरवडून काढायचा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवायची, लोणा येईल तसा कोरड्या ब्रशने झाडून तो गोळा करून घराबाहेर टाकायचा (पाण्याने धुतला की परत आत जातो), आणि मगच चुन्याचा गिलावा. एक पूर्ण उन्हाळा जातो. घाई असेल तर त्या भिंतीसमोर कपाट ठेवू नये, एवढे तरी.

०

१४.२ किलोचा गॅस सिलिंडर जळून संपतो तेव्हा त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात येते. गॅस जळला की पाणी होते, हे शाळेत शिकलेले असते, पण ते पाणी आपल्याच घरात होते हे लक्षात येत नाही. वर भाताच्या कुकरची वाफ, डाळीची वाफ, न्हाणीघरातले गरम पाणी. आणि दोरीवरचे कपडे: मशिनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यात दोन-तीन लिटर पाणी राहिलेले असते, ते हॉलमध्ये वाळवले की हॉलच्या हवेत जाते. ‘बिल्डरने बांधकाम वाईट केले’ म्हणून ज्या फ्लॅटांची ओल सांगतात, त्यांतल्या कित्येकांची ओल घरच्यांनीच शिजवलेली आणि वाळवलेली असते. एक्झॉस्ट पंखा कुकर लावताना लावायचा आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटे चालू ठेवायचा. कपडे एकाच खोलीत, तिचे दार बंद, खिडकी किंचित उघडी आणि पंखा चालू. घरभर सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर नव्हे.

चूल होती तेव्हा हा प्रश्न कमी होता असे म्हातारे सांगतात, ते खरे आहे. दिवसभर विस्तव, वर कौलांच्या फटी. वाफ आणि धूर दोन्ही वर निघून जात, वासे धुराने काळे होत आणि त्यांना भुंगा लागत नसे. वासे टिकले. चुलीपुढे बसणारीचा खोकला टिकला. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीवरच्या भाताच्या आठवणी काढणाऱ्यांत चूल फुंकणाऱ्या बायका फारशा दिसत नाहीत.

०

बुरशीने ‘इन्फेक्शन’ होते की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा २००९ सालची जागतिक आरोग्य संघटनेची ओल आणि बुरशीवरची मार्गदर्शिका पुरे. ओल्या, बुरसलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास जास्त, असा तिचा निष्कर्ष आहे. ओलीचा अमुक इतका आकडा सुरक्षित, असेही ती सांगत नाही. ओल येऊ देऊ नका, आली तर काढा, इतकेच. आमच्याकडे शाळा सुरू झाली की मुले शिंकतात, घरातले ‘हवा बदलली’ म्हणतात, आणि मुलाच्या उशामागची भिंत कुणी बघत नाही.

बुरा काढताना कोरड्या फडक्याने झटकू नये, बीजुके खोलीभर उडतात. तोंडाला मास्क, साबणाचे पाणी, ओले फडके, मग पंखा. न्हाणीघरात ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र ओतणारे महाभाग आहेत. त्यातून क्लोरीन निघतो आणि बुरशीच्या आधी आपण बाहेर पळतो.

०

ओलीवरचे उपाय ओलीपेक्षा वाईट असू शकतात. कपाटात डांबरगोळ्या टाकून तेच कपडे बाळाला घालतात; नॅफ्थलिनने जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मजात कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. कपडे आधी उन्हात टाकावेत. ऊन नसेल तर निदान इस्त्री. पावसाळी डासांसाठी खिडक्या बंद करून रात्रभर कॉइल लावतात. एका कॉइलचा धूर सुमारे शंभर सिगारेटींइतका, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी बरीच वर्षे सांगितले आहे. खिडकीला जाळी बसवणारा सुतार एका दिवसात घरभर जाळ्या लावून जातो. अगरबत्ती, धूप, ऊद यांच्याबद्दल काही लिहिले तर माझे घरातले जेवण बंद होईल, म्हणून एवढेच की देवघराची खिडकी त्या वेळी उघडी असावी.

०

आंब्याची अढी. गवत अंथरून एका खोलीत हापूस पिकत घातला, मे संपला, आंबा गेला, गवत राहिले. ‘गुरांना होईल’ म्हणून कोपऱ्यात लोटलेले. मृगाच्या पहिल्या आठवड्यात ते गवत आतून गरम होते आणि हलवले की पांढरा धुरळा उठतो. त्या धुरळ्याने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला डॉक्टर लोक शेतकऱ्याचे फुफ्फुस म्हणतात; ताप आणि धाप संध्याकाळी येते, आणि सकाळी गवत हलवल्याचा संबंध कुणी लावत नाही. शेवटची पेटी गाडीत चढली की अढीचे गवत त्याच दिवशी बाहेर.

०

रंग. कोकणातला माणूस घराला रंग देतो गणपतीच्या आधी, म्हणजे श्रावणात. भिंत वर्षातली सर्वांत ओली असते तेव्हा. रंगाऱ्याला ठाऊक असते, मालकालाही ठाऊक असते. पण चाकरमानी येणार, पाव्हणे येणार, मखरामागची भिंत डागाळलेली कशी ठेवायची? मग ओल्या भिंतीवर पुट्टी, पुट्टीवर रंग, दिवाळीला फुगे, शिमग्याला पोपडे, आणि पुढच्या श्रावणात परत तेच. हे चक्र मोडणे माझ्या हातात नाही. निदान मखरामागे नुसता चुना मारावा, वर हवी तेवढी आरास करावी, आणि खरा रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावा. तेव्हा रंगारी भावही कमी सांगतो.

०

बंद घर हे वेगळेच प्रकरण. वाडीतली निम्मी घरे अकरा महिने कुलपात, किल्ली शेजारच्या काकूंकडे. भाद्रपदात कुलूप निघते. दार फुगलेले, खांदा लावून ढकलावे लागते. आतून पहिला येतो तो वास. मग डोळे सरावले की दिसते: गाद्यांच्या पाठीला हिरवट जाळी, खुंटीवर राहिलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव, देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या काचेमागे तपकिरी ठिपके, पोळपाटाच्या कडेला काळे बोट. मुंबईकर सूनबाई नाकाला पदर लावून खिडक्या उघडते आणि पहिला दिवस सगळ्यांचा शिंकण्यात जातो.

मेमध्ये निघतानाच काही गोष्टी केल्या तर हे बरेच टळते. कपाटांची दारे उघडी ठेवायची, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढायचे. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट म्हणजे बुरशीची नर्सरी. गाद्या जमिनीवर नकोत, खाटेवर उभ्या करून. फ्रिज धुऊन, पुसून, दार उघडे. पोत्यात धान्य नको, पोतेही नको. प्लायवुडच्या फर्निचरचा पाठचा भाग कच्चाच ठेवलेला असतो, बुरशी तिथून सुरू होते; त्याला दोन हात पॉलिश मारून घ्यावे.

काकूंनी काय करायचे? त्यांना ‘रोज खिडक्या उघडा’ म्हणून सांगून जाणे म्हणजे दमट हवेला आमंत्रण देऊन जाणे. उघाडी पडली, ऊन आले, की दुपारी दोन तास समोरासमोरची दारे उघडायची आणि पंखे लावायचे. पाऊस दिसला की बंद. छताकडे एकदा नजर टाकायची. एक कौल सरकलेले असेल तर ते जुलैत कळले पाहिजे, गणपतीत नव्हे. आणि काकूंना दरवर्षी एक चांगली साडी. त्यांनी वाचवलेल्या गाद्यांच्या मानाने स्वस्तच.

०

तळघर आमच्याकडे नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. नावाने नाही. पण उतारावरच्या घरांत रस्त्याच्या पातळीला दार असते आणि त्याच्या खाली एक मजला डोंगरात घुसलेला असतो. मागची भिंत म्हणजे पलीकडे माती. ते तळघरच. तिथे भाडेकरू ठेवतात, शिकवणीचे वर्ग चालतात, आता जिमही निघाले आहेत.

त्या मागच्या भिंतीला आतून कुठलेही लेपन लावून उपयोग नाही. मातीत पाणी साठले की मीटरभर उंचीच्या पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब. लेप भिंतीपासून सोलून निघतो. पाणी भिंतीपर्यंत येण्याआधी वळवावे लागते: वरच्या बाजूला उताराला आडवा चर, भिंतीमागे मातीऐवजी दगडगोटे, तळाशी भोके असलेला पाइप, त्याला बाहेर निघायला वाट. आणि भिंतीला पाणी सोडणारी भोके. ती भोके दिसायला वाईट म्हणून सिमेंटने बुजवलेली मी पाहिली आहेत.

जुना गडगा बघा. चिऱ्यावर चिरा, मधे चुना नाही की माती नाही. पाणी फटींतून निघून जाते आणि गडगा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. त्याच जागी सिमेंटचे कंपाउंड घातले की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्याला पोट सुटते आणि एका रात्री ते शेजाऱ्याच्या अंगणात झोपते. मग भांडण, मोजणी, वकील.

०

थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला. राजवाडा १९१०च्या सुमारास उभा राहिला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्याची राजधानी मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातली. तिथे रत्नागिरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पाऊस पडत नाही. (त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी दोघांची हवापालट करून दिली.) पॅलेसमध्ये गेलात तर गाइडचे ऐकून झाल्यावर उंच छत आणि चहूबाजूंच्या खिडक्या बघा. गरम हवा वर जाते, वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघतो, आणि ते ठिकाण खाडीवरच्या उंचवट्यावर, म्हणजे पाणी आपोआप खाली. नऊ फुटी छत आणि एकाच बाजूला खिडकी असलेल्या आजच्या फ्लॅटला यातले काहीच घेता येत नाही. त्याला यंत्रच लागते.

०

तर यंत्र. डिह्युमिडिफायर चालतो, खोली बंद ठेवली तर. खिडकी उघडी ठेवून तो लावणारा अरबी समुद्र सुकवायला बसला आहे असे समजावे. एसीचा ‘ड्राय’ मोड एका खोलीपुरते तेच काम करतो. वीज गेली की दोन्ही थांबतात आणि आमच्याकडे वीज नेमकी त्याच दिवसांत जाते. पुस्तके, कॅमेरा, पेटीचे भाते, कागदपत्रे यांना घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरते. जेल कढईत मंद आचेवर भाजले की पुन्हा कामाला येते. शहरातले नगर वाचनालय १८२८ सालचे. तितके पावसाळे अंगावर घेणाऱ्या संस्थेपुढे घरच्या दोन कपाटांचे रडगाणे शोभत नाही, पण फडताळ भिंतीपासून सुटे ठेवावे आणि पुस्तके ठासून भरू नयेत. कसर आणि बुरा दोघांनाही गर्दी आवडते.

०

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. २६ जुलै २००५ नंतरचा एवढा मोठा पूर. पाणी उतरले, चिखल निघाला, मदत आली, आणि नंतरची गोष्ट बातमीत राहिली नाही: भिंती. पाण्यात उभी राहिलेली भिंत वरून कोरडी दिसते, आत ओली असते. जुना ठोकताळा असा की जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना. नऊ इंची भिंतीला नऊ महिने, जांभ्याच्या जाड भिंतीला वर्ष. तोपर्यंत रंग नको, वॉलपेपर नको, भिंतीला चिकटवलेले फर्निचर तर नकोच. भिजलेले प्लायवुड, गादी, सोफा दोन दिवसांत सुकले नाहीत तर त्यांत बुरशी बसलीच असे धरून टाकून द्यावे. पुरात गेलेल्या घरातून आणखी काही बाहेर टाकायला माणसाचा हात उचलत नाही, हे खरे. पण तो सोफा पुढची पाच वर्षे खोकला देतो.

०

न्हाणीघराचे दार फुगले आहे, कडी बसत नाही. सुताराला बोलवायची घरात चर्चा चालू आहे. आत्ता रंधा मारला तर मार्चमध्ये बोटभर फट पडेल. दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला कधीच रंग लागलेला नसतो, लाकूड तिथूनच पाणी पिते. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडांना रंग पाजला की पुढच्या वर्षी फुगणार नाही. तोवर आत असणाऱ्याने गाणे म्हणत राहावे.